नोंद करायची कोणी?

आरोग्यक्षेत्रात संगणक का रुजत नाही, या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे गेली वीस-पंचवीस वर्षे फिरते आहे. मंत्रालयातल्या सादरीकरणांत ते असते, सॉफ्टवेअर विकायला आलेल्या प्रतिनिधीच्या तोंडी असते, अधूनमधून अग्रलेखांतही डोकावते. डॉक्टर आणि परिचारिका मुळातच जुन्या वळणाच्या, त्यांना बदल नको असतो, संगणकाची भीती वाटते, असे ते उत्तर. बँका बदलल्या, रेल्वे बदलली, दवाखान्याने मात्र केसपेपर सोडला नाही. रोगाचे निदान असे एकदा ठरले की औषधही ओघानेच येते. प्रशिक्षण द्या, सक्ती करा, आणि तरीही गाडी हलली नाही तर जुनी पिढी निवृत्त होईपर्यंत वाट पाहा.

हा पूर्वपक्ष हवेतून आलेला नाही. डॉक्टरांचे अक्षर हा विनोदाचा विषय असला तरी त्यापायी चुकीचे औषध पोटात गेलेले रुग्ण विनोदाचा विषय नाहीत. औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, असा नियम भारतीय वैद्यकीय परिषदेला २०१६ मध्ये करावा लागला. सुवाच्य लिहा हे ज्यांना नियमाने सांगावे लागते ते टंकलेखन कुठून करणार, अशी शंका कोणालाही येईल. शिवाय वैद्यकीत वडिलकीचा मान मोठा. विभागप्रमुखांनी 'मला नको ते यंत्र' म्हटले की वॉर्डातला विषय तिथेच संपतो. हे सगळे खरे आहे. पण यातून स्वभावाचा जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. नोंद करण्याचे कष्ट एकाच्या माथी आणि तिचा लाभ दुसऱ्याच्या पदरी अशी वाटणी जिथे झाली, तिथे संगणक रखडला. नोंदणारा आणि लाभ घेणारा जिथे एकच होता, किंवा नोंदीचे काम वेगळ्या माणसाकडे सोपवले गेले, तिथे याच डॉक्टरांनी आणि याच सिस्टरांनी तो बिनबोभाट स्वीकारला. म्हणजे प्रश्न मनोवृत्तीचा नाही, श्रमविभागणीचा आहे.

आधी तो 'बदलाला विरोध' तपासू. तालुक्याच्या गावात कर्ज काढून सोनोग्राफीचे यंत्र घेणारे डॉक्टर कोण होते? पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यात अर्धी हयात गेलेल्या सर्जनांनी पन्नाशीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकून घेतली. तीही पडद्याकडे पाहत हात चालवायची, म्हणजे सगळ्या सवयी उलट्या करायच्या. एक्स-रेची फिल्म धुण्याची अंधारी खोली बघता बघता गेली आणि छातीचे चित्र संगणकातली फाइल झाले. पॅथॉलॉजीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसण्याची जागा यंत्राने घेतली. या एकाही बदलासाठी शासनाला 'मानसिकता परिवर्तन' कार्यशाळा घ्यावी लागली नाही. क्ष-किरण विभाग आणि प्रयोगशाळा हे रुग्णालयातले सर्वांत आधी संगणकमय झालेले भाग. ते चालवणारी माणसेही त्याच महाविद्यालयांतून शिकली, त्याच प्राध्यापकांच्या शिव्या खाऊन मोठी झाली. फरक माणसांत नाही, कामात आहे. तिथे यंत्राने काढलेला आकडा किंवा चित्र हेच कामाचे फळ असते. त्याची वेगळी 'एंट्री' कोणाला करावी लागत नाही.

बँकेच्या दाखल्याचेही तेच. हा दाखला देणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली इतिहासातली. बँकांनी संगणक हसतमुखाने घेतला ही दंतकथा आहे. कर्मचारी संघटनांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतरही सगळ्या शाखा एका जाळ्यात यायला दोन दशके लागली. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत. बँकेत नोंद हाच व्यवहार असतो. माझ्या खात्यातून पाचशे रुपये तुमच्या खात्यात गेले म्हणजे काय झाले? दोन नोंदी बदलल्या, एवढेच. नोंद झाली नाही तर व्यवहारच झाला नाही. आरक्षणाच्या तिकिटाचेही तसेच. रुग्णालयात मात्र सिस्टरने सलाइन लावले की सलाइन लागले. ते कोणी लिहिले काय आणि न लिहिले काय, शिरेतून थेंब पडतच राहतो. इथे नोंद ही कामाबद्दल असते, ती स्वतः काम नसते. म्हणून बँकेतला संगणक जुने काम हलके करतो आणि वॉर्डातला संगणक जुन्या कामावर नवे काम चढवतो. ज्या दोन गोष्टींची मुळे वेगळी त्यांच्या वाढीची तुलना करून एकीला आळशी ठरवणे हा तर्कदोष आहे.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. दवाखाने बँकांच्या मागे, असे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते की 'मम्प्स' नावाची संगणकभाषा १९६६-६७ च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जन्मली. रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठीच ती रचली गेली. पुढे तिच्यावर उभ्या राहिलेल्या प्रणाली बँकांनीही घेतल्या आणि त्या आजही चालतात. शिष्याने गुरूला मागासलेला म्हणावे त्यातला हा प्रकार.

त्याच भाषेत अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांची प्रणाली लिहिली गेली, जी पुढे 'व्हिस्टा' म्हणून प्रसिद्ध झाली. तिची कथा पूर्वपक्षाला फारच गैरसोयीची आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या काही डॉक्टरांनी आणि प्रोग्रामरांनी मिळून स्वतःच्या गरजेचे छोटे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. विरोध झाला तो मुख्यालयाच्या संगणक विभागाकडून. त्यांना सगळे केंद्रातून, एकाच मोठ्या यंत्रावर चालवायचे होते. या मंडळींनी मग लपूनछपून काम चालू ठेवले आणि आपल्या जाळ्याला 'भूमिगत रेल्वे' म्हणू लागले. १९८२ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. इथे संगणक मागणारे डॉक्टर होते आणि नको म्हणणारे संगणक खाते.

इंग्लंडमध्ये तर एकाच देशात दोन्ही प्रयोग झाले. तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांनी, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरांनी, १९९० च्या दशकातच संगणक घेतला. दशक संपेपर्यंत बिनसंगणकाचा दवाखाना अपवादाने उरला. का घेतला? रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रुग्णाला तीच औषधे दर महिन्याला पुन्हा लिहून द्यावी लागत. संगणकात एकदा भरले की पुढच्या वेळी चिठ्ठी आपोआप छापून येई. शिवाय १९९० च्या करारानंतर लसीकरणासारख्या कामांचा मोबदला नोंदींच्या हिशोबावर मिळू लागला. टंकणारा तोच, वेळ वाचणारा तोच, पैसे मिळणाराही तोच. नंतर २००२ मध्ये त्याच राष्ट्रीय आरोग्यसेवेने रुग्णालयांसाठी जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजलेला राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कंत्राटे वरून ठरली, प्रणाली वरून आल्या, आणि सुमारे दहा अब्ज पौंडांचे बिल पुढे ठेवून २०११ मध्ये तो कार्यक्रम मोडीत काढण्याची घोषणा झाली. देश तोच, वैद्यकीय शिक्षण तेच. फॅमिली डॉक्टर पुरोगामी आणि रुग्णालयातले डॉक्टर सनातनी, असे स्पष्टीकरण कोणी गंभीरपणे देऊ शकेल काय?

आता असे विचारले जाईल की भीती नसेल, पण कुरकुर तर आहेच ना. ती मोडून काढली तर हळूहळू अंगवळणी पडेल. या युक्तिवादाची परीक्षा अमेरिकेने केली आहे, तीही भरपूर पैसे ओतून. २००९ च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना अब्जावधी डॉलरचे अनुदान दिले, न ठेवणाऱ्यांना पुढे कपात लावली. सात-आठ वर्षांत जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात प्रणाली बसली. संख्येपुरते पाहिले तर सक्ती जिंकली. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार शाखांच्या डॉक्टरांचा दिवस घड्याळ लावून मोजला, तेव्हा रुग्णाशी प्रत्यक्ष बोलण्या-तपासण्यात त्यांचा सुमारे २७ टक्के वेळ जात होता आणि संगणक व कागदी कामात ४९ टक्के. रात्री घरी बसून आणखी तास-दोन तास. तिथे मग 'स्क्राइब' नावाची नवी नोकरी फोफावली : डॉक्टर तपासतो, शेजारी उभा माणूस टंकतो. म्हणजे अब्जावधी डॉलर खर्चून तो देश शेवटी लेखनिक नेमण्यापाशी आला. आपल्याकडे यमाच्या दरबारात चित्रगुप्त पहिल्यापासून वेगळा नेमलेला होता.

आणि कुरकुर नेहमी चुकीची असते असेही नाही. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाल्यावर, बाहेरून हलवून आणलेल्या गंभीर मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी छापून प्रसिद्ध केले. कारणे साधी होती. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधे सांगून ठेवत. आता मूल दारात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत संगणक आदेशच घेत नसे. वॉर्डात हाताशी असणारी औषधे मध्यवर्ती फार्मसीत गेली. सिस्टर खाटेपासून दूर, पडद्यापाशी अडकली. अशा वेळी 'हे चालणार नाही' म्हणणारी परिचारिका मागासलेली की शहाणी? मात्र एवढ्यावर थांबलो तर मीही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. तेच सॉफ्टवेअर सिॲटलच्या बालरुग्णालयाने बसवले तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. त्यांनी आदल्यांच्या अनुभवातून धडा घेतला, नेहमीच्या आजारांचे आदेशसंच आधीच तयार ठेवले, कामाचा क्रम मोडू दिला नाही. यंत्र तेच, माणसांची जातकुळी तीच. बदलली ती मांडणी.

परदेश पुरे. आपल्याकडे २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल गठ्ठ्यांनी परत केले. बातमी वाचून पुष्कळांनी मान हलवली : बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही. वस्तुस्थिती अशी की याच सेविका त्याआधी 'कॅस' नावाचे ॲप वापरत होत्या. ते मराठीत होते. त्याच्या जागी आलेला 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत आला. २०१९ मध्ये दिलेले २ जीबीचे फोन त्याच्या भाराने तापत, अडकत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून जाई. मुलाचे वजन घेणे, आहार वाटणे, गरोदर बाईच्या घरी जाऊन येणे यांतले एकही काम त्या ट्रॅकरने कमी केले नव्हते. संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांची मागणी ॲप बंद करण्याची नव्हती. ते मराठीत द्या आणि चालेल असा फोन द्या, एवढी होती. मराठी ॲपची मागणी करायला उच्च न्यायालयात जाणाऱ्या बाईला तंत्रज्ञानाची भीती वाटते, असे म्हणायला जरा धाडसच लागते.

याच्या शेजारी त्याच वर्षातले कोविनचे उदाहरण ठेवून पाहा. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचे लसीकरण सुरू झाले आणि एरवी 'मागासलेल्या' ठरणाऱ्या आरोग्ययंत्रणेने कोट्यवधी डोसांची नोंद संगणकावर केली. याचे श्रेय बहुधा सॉफ्टवेअरला दिले जाते. मार्गदर्शक सूचना वाचल्या तर खरी खुबी दिसते : प्रत्येक लसीकरण केंद्रावर पाच जणांचे पथक होते आणि कोविनवर नाव पडताळण्याचे काम त्यातल्या वेगळ्या माणसाकडे होते. सुई टोचणाऱ्या सिस्टरच्या हातात सुईच राहिली. शिवाय प्रमाणपत्र समोरच्या माणसालाच हवे होते, नोंद झाल्याशिवाय तो खुर्चीवरून उठत नव्हता. साथ ओसरली, पथके पांगली, आणि उपकेंद्रातली तीच नर्सताई पुन्हा एकटी उरली : माता-बालकांचे पोर्टल वेगळे, क्षयरोगाचे वेगळे, रक्तदाब-मधुमेहाचे वेगळे, साथरोगांचे वेगळे, महिनाअखेरचा अहवाल आणखी वेगळा. तिला आता 'डिजिटल साक्षरतेचे' प्रशिक्षण मिळते.

मुंबईतल्या क्षयरोगाचा अनुभव मला यापेक्षाही बोलका वाटतो. २०१२ मध्ये क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले आणि त्यासाठी 'निक्षय' पोर्टल आले. खासगी डॉक्टरांकडून रुग्ण कळवले जाण्याचे प्रमाण तुटपुंजेच राहिले. झोपडपट्टीत दिवसाला शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर फॉर्म भरत बसेना. २०१४ मध्ये मुंबईत खासगी डॉक्टरांना जोडून घेणारा एक प्रकल्प सुरू झाला. त्यात डॉक्टरला पोर्टल उघडायचेच नव्हते. कॉल सेंटरला फोन गेला की रुग्णाची नोंद तिकडे होई आणि त्या बदल्यात ई-व्हाउचर मिळे. ते दाखवले की रुग्णाला शेजारच्या केमिस्टकडे औषधे फुकट. फुकट औषध मिळते म्हणून रुग्ण टिकतो, रुग्ण टिकला की डॉक्टरचा दवाखाना टिकतो. कळवलेल्या रुग्णांचा आकडा झपाट्याने चढला. कायद्याने जे साधले नाही ते नोंदीचे ओझे उचलून घेतल्याने आणि मोबदला योग्य जागी ठेवल्याने साधले. डॉक्टर तेच होते, एरवी ज्यांना आपण बेफिकीर म्हणतो ते.

आणि मोफत उपचारांची जीवनदायी योजना? २०१२ मध्ये सुरू झालेली, २०१७ पासून महात्मा जोतीबा फुले यांच्या नावाने चालणारी ही योजना पहिल्यापासून ऑनलाइन आहे. शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी, रुग्णाचे फोटो, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, सगळे संगणकावर चढवल्याशिवाय रुग्णालयाला पैसा मिळत नाही. दारात आरोग्यमित्र बसलेला असतो, आतल्या बाजूला रुग्णालयाने स्वतःचा माणूस नेमलेला असतो. 'आमच्याकडे संगणक येणारी माणसे नाहीत' हे वाक्य क्लेमच्या बाबतीत मी कधी ऐकलेले नाही. तेच रुग्णालय १४ अंकी 'आभा' या डिजिटल आरोग्य क्रमांकाशी रुग्णाची कागदपत्रे जोडायला सांगितले की दमते. ती जोडणी पुढे कुठल्या तरी दुसऱ्या डॉक्टरच्या, दुसऱ्या शहरात, कधी तरी उपयोगी पडणार. शासनालाही हे कळले असावे. कारण २०२३ पासून ठरावीक संख्येवरच्या जोडणीला २० रुपयांप्रमाणे प्रोत्साहनाची योजना आली. त्यामुळे आकडे वाढतील. आभा क्रमांक ७० कोटींच्या वर गेलेच आहेत. पण क्रमांक म्हणजे नोंदी नव्हेत. आभाचा एकच भाग लोकांनी मनापासून उचलला : ओपीडीच्या दारातला क्यूआर कोड स्कॅन केला की रांगेत उभे न राहता टोकन मिळते. त्यात लाभ कोणाचा आणि कधी, हे वेगळे सांगायला नको.

एक आक्षेप मात्र मी सहजी झटकणार नाही. काही डॉक्टरांचा विरोध श्रमाला नसतो, उजेडाला असतो. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणी टिपून ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडण्याचा आणि गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरण्याचा आदेश काढला, तेव्हा रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली. गर्भलिंगनिदानाचा धंदा करणाऱ्याला नोंद नकोच असते. रोखीने फी घेणाऱ्यालाही संगणक अडचणीचा वाटतो. हे मान्य. पण यातून काय सिद्ध झाले? हे लोक यंत्राला घाबरत नाहीत, महागडे यंत्र तर त्यांच्याच खोलीत आहे. नोंदीने आपले काय होईल याचा त्यांचा हिशोब पक्का असतो. अशांना कायदाच हवा, कार्यशाळा नको. त्यांच्या अपराधाचे माप प्रत्येक नर्सताईच्या पदरात टाकणे मात्र अन्यायाचे आहे.

'नव्या पिढीचे डॉक्टर आले की प्रश्न सुटेल' ही आशाही तपासून घ्यावी. ती पिढी आलेलीच आहे. रात्री दोन वाजता ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना पाठवून दोन मिनिटांत उत्तर मिळवणारा रेसिडेंट हा आजच्या सरकारी रुग्णालयाचा कणा आहे. रुग्णाच्या गोपनीयतेच्या दृष्टीने तो प्रकार वाईटच; पण वॉर्डाने स्वतःपुरती उभारलेली ती माहितीप्रणाली आहे. २०२२ मध्ये राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली अनेक वर्षे चाललेली संगणकप्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहिणे आले. प्रणाली बंद पाडली ती डॉक्टरांनी नव्हे. जुने रिपोर्ट पडद्यावर दिसेनासे झाल्याची तक्रार मात्र त्यांच्याकडून आली.

बदलाला विरोध शोधायचाच असेल तर तो दुसरीकडे शोधावा. पोर्टल सुरू करण्याचा आदेश एका दिवसात निघतो. त्याच माहितीची कागदी नोंदवही आता बंद, असा आदेश निघत नाही. कारण लेखापरीक्षणाला, तपासणी पथकाला, जिल्ह्याच्या बैठकीला रजिस्टरच दाखवावे लागते, आणि ते बंद करण्याच्या कागदावर सही करायला कोणी अधिकारी धजत नाही. म्हणून उपकेंद्रातल्या टेबलावर टॅबच्या खाली अजून ती लांबलचक वही असते, दोन्हींत तेच नाव, तोच रक्तदाब, तेच वजन, आणि दोन्ही भरणारा हात एकच.